उद्धवरावांचं रिकामं ताट

१

चूळ भरायला वाकलेल्या उद्धवरावांच्या नाकातून रक्त आलं. आधी त्यांनी ते खांद्यावरच्या टॉवेलनं टिपलं आणि कुणाला काही बोलले नाहीत. टॉवेल भिजला, तरी धार थांबेना. तेव्हा त्यांनी गोठ्यात शेण काढणाऱ्या गड्याला, गणराजला, हाक मारली.

"गण्या, निरंजनला उठीव. गाडी काढ म्हनावं."

पुनावळ्याहून चिंचवडच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांच्या दंडांवर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग उमटले होते, कुणीतरी काठीनं बडवल्यासारखे.

हृदयविकाराचे डॉक्टर बुद्धरत्न वाघमारे उद्धवरावांना चांगले ओळखत होते. गणपतीच्या आधी याच हॉस्पिटलात त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू होती. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. रक्त किती पातळ आहे ते एका आकड्यावरून कळतं. उद्धवरावांचा आकडा तीनच्या आसपास हवा होता. प्रयोगशाळेनं दोनदा तपासून सांगितलं, सातच्या वर.

"गोळ्या जास्त गेल्यात का?" डॉक्टरांनी निरंजनला विचारलं. निरंजन म्हणजे उद्धवरावांचा मुलगा.

"नाही हो. दिपाली स्वतः डबीत भरून देते."

नेमकी तेव्हाच सांगवीहून त्याची बहीण पूनम येऊन पोचली होती. तिनं एवढंच वाक्य ऐकलं आणि ती वळली ती सरळ भावजयीकडे.

"वहिनी, गोळ्यांना तुझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही ना? चाकणला कंपनीजवळ राहायला जायचं होतं तुला. आबा बंगला सोडेनात. म्हणून हे?"

दिपाली भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या शिफ्टला निघालेली, कंपनीचा गणवेश अंगावर तसाच. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. निरंजन खाली बघत होता.

"उद्या पोलिसात जाणार मी," पूनम म्हणाली. "माझ्या बापाला कुणी काय चारलं ते कळलंच पाहिजे."

२

"पोलीस येतील तेव्हा येतील," डॉ. वाघमारे योगिनीला म्हणाले. "रक्त थांबलंय, उतारा दिलाय. पण कारण न कळता घरी पाठवलं तर महिन्यात पुन्हा हेच, आणि पुढच्या वेळी रक्तस्राव नाकातून न होता मेंदूत होईल. गोळ्यांचा हिशोब जुळतोय. तू ताट बघ."

योगिनी हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ. वजन उतरवायला येणारे लोक तिला 'डाएटवाल्या मॅडम' म्हणत, आणि तिला ते मुळीच आवडत नसे. माणूस दिवसभरात काय खातो-पितो हे त्याच्याकडून खरं काढून घेणं ही तिची विद्या होती आणि तिचा तिला रास्त अभिमान होता. 'काय काय खाता?' असं ती कधी विचारत नसे. त्यावर लोक जे खायला हवं ते सांगतात. ती विचारायची, उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं? मग काय? ते कुणी दिलं? कुठं बसून खाल्लं? प्रसाद, शेजारचा चहा, मूठभर शेंगदाणे, वैद्याची पुडी, यांना कुणी खाणं मानत नाही. आणि एकाला विचारून ती कधी थांबत नसे. रांधणाऱ्याला वेगळं, खाणाऱ्याला वेगळं विचारायची.

दिपालीला तिनं आपल्या खोलीत बसवलं आणि आधी चहा मागवला.

"मला गोळ्यांचं विचारा," दिपाली म्हणाली. "सगळे तेच विचारतायत."

"मी जेवणाचं विचारणार आहे. काल रात्री आबांना काय वाढलं?"

दिपालीचा चेहरा थोडा सैल झाला. "ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि चाकवत. लसणाची फोडणी, वर दोन लाल मिरच्या. आबांना तशीच लागते."

"पालेभाजी रोज असते?"

"दोन्ही वेळा. आमच्या घरात पालेभाजी कधी विकत आली नाही, मॅडम." हे सांगताना तिची मान ताठ झाली. "मी निगडीत कंपनीच्या वसाहतीत वाढले, मला मेथी आणि शेपू सोडून काही ओळखू यायचं नाही. लग्न होऊन आले तर सासऱ्यांनी टोपलीच पुढे ठेवली. चुका, चाकवत, अंबाडी, राजगिरा. सगळं शिकवलं. हायवेपलीकडे आमचा मळा आहे. ऑपरेशननंतर आबांना तिथवर चालवत नाही, पण गणराजभाऊ रोज पहाटे भाजी काढून आणतात."

"जेवतात कुठं?"

"गोठ्याच्या ओट्यावर. आधीपासूनच. गणराजभाऊ ताट नेऊन देतात. आणि ताट परत येतं ते इतकं स्वच्छ की एक देठ उरलेला नसतो."

योगिनी थबकली. दोन्ही वेळा पालेभाजी खाणाऱ्याचं रक्त पातळ होत नाही. उलट पालेभाजी त्या गोळीचा जोर मारते, तिचं काम अवघड करते. दिपाली खरं सांगत असेल तर आकडा खाली यायला हवा होता.

म्हणजे एक तर ही बाई खोटं बोलत होती, नाहीतर ते ताट.

३

दुसऱ्या दिवशी उद्धवराव उशाला टेकून बसले होते. सत्तरी ओलांडलेला, पण तालमीत घडलेला देह. मिशा पांढऱ्या, आवाज अजून खर्जातला.

"तू परत सुई टोचनार?"

"नाही आबा. मी खाण्यापिण्याचं विचारते. उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?"

"तांब्याभर पानी. मग गुळाचा च्या."

"तंबाखू?"

"हुती. वाघमारे डॉक्टरला शब्द दिला, त्या दिसापास्नं सोडली. आमी शब्द दिला की दिला."

"दारू?"

उद्धवराव हसले. "आमच्या आळीत इचार. मळ्यातलं दूध आन् मळ्यातला पाला, ह्याच्यावर चाळीस कुस्त्या मारल्यात. चिंचवडच्या मंडईत येपारी माझी जुडी बगून सांगायचे, उद्धवची मेथी हाय. नाव लिवायला लागत न्हवतं."

"परवा रात्री भाजी कसली होती?"

"मेथी."

"कशी झाली होती?"

"झकास. सूनबाईच्या हाताला चव हाय."

योगिनीनं चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. मेथी आणि चाकवत यांत शहरातलं पोरही चुकणार नाही. एक कडवट, दुसरी आंबटसर आणि गुळगुळीत. आणि हा तर पालेभाजीत जन्म घालवलेला माणूस.

तेवढ्यात हॉस्पिटलच्या मावशी जेवणाचं ताट घेऊन आल्या. उद्धवरावांनी ताटाकडे पाहून विचारलं, "पालक कुठला हो?"

"मार्केटचा. दुसरा कुठला?"

"बरं."

योगिनी खुर्चीवर बसून राहिली. त्यांनी आमटी प्यायली, भात संपवला, पोळीचा तुकडा न् तुकडा खाल्ला. पालकाच्या वाटीला हातसुद्धा लावला नाही. वर आमटीची रिकामी वाटी ठेवून ती झाकून टाकली.

"भाजी नको?"

"दातात अडाकती," उद्धवराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे दात चांगले शाबूत होते.

४

बाहेर पूनम बाकावर बसली होती. तिच्या पिशवीतून एक स्टीलचा थर्मास डोकावत होता, आणि त्याच्या झाकणाभोवती लसणाचा उग्र वास दरवळत होता.

"हे काय आहे?" योगिनीनं विचारलं.

"काढा. सांगवीला आमचे एक वैद्य आहेत, त्यांनी सांगितलाय. लसूण, सुंठ, हळद. हृदयाला चांगला म्हणून मी रोज गाडीवरून नेऊन देत होते आबांना. खाणं थोडंच आहे हे, औषध आहे."

"डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"काढ्याचं काय सांगायचं?"

राउंडला आलेल्या डॉ. वाघमाऱ्यांनी थर्मास उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "पूनमताई, इतका दाट काढा रक्त आणखी पातळ करू शकतो. त्या गोळीबरोबर तर नक्कीच."

मागे उभा असलेला निरंजन पुढे आला. कालपासून दबून असलेला त्याचा आवाज आता चढला. "म्हणजे तूच! आणि पोलिसात कुणाला देत होतीस? माझ्या बायकोला?"

पूनमच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा, मी आबांचं वाईट चिंतीन का रे?"

"थांबा," योगिनी म्हणाली. "काढा कधीपासून देताय?"

"संक्रांतीनंतर."

तिनं डॉक्टरांकडून जुने रिपोर्ट मागून घेतले. दिवाळीनंतरच्या तपासणीत आकडा अगदी बरोबर होता. दत्तजयंतीच्या सुमाराला तो चढलेला होता, थोडाच, म्हणून पुढच्या वेळी बघू असं ठरलं. पुढची तपासणी संक्रांतीच्या गडबडीत राहून गेली.

"दत्तजयंतीला काढा नव्हता," योगिनी म्हणाली. "तरी रक्त पातळ व्हायला लागलं होतं. काढ्यानं आगीत तेल ओतलं असेल, पण आग आधीच लागलेली होती. दिवाळी आणि दत्तजयंती यांच्यामध्ये घरात काय बदललं?"

"काही नाही," निरंजन पटकन म्हणाला.

फार पटकन म्हणाला. योगिनी त्याच्याकडे बघत राहिली. "भाजी मळ्यातूनच येते ना?"

"मळ्यातूनच. दुसरीकडून कुठून येणार?" तो म्हणाला, आणि बायको ज्या बाकावर बसली होती तिकडे न बघता लिफ्टकडे चालता झाला.

५

पुनावळ्याचा बंगला दोन उंच टॉवरांच्या मध्ये अंग चोरून उभा होता. मागे पत्र्याचा गोठा, त्यात एकच गाय, आणि वर बाविसाव्या मजल्यावर कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी.

दिपालीनं गोळ्यांची डबी आणून दाखवली. प्रत्येक वाराचा कप्पा, त्यात ठरलेली गोळी. योगिनीनं ती बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पहाटे आलेली मेथी होती, मुळांसकट. मुळांना तांबडी माती चिकटलेली.

"मळ्यातली?"

"हो," दिपाली म्हणाली. "बघा ना, मुळ्यासुद्धा आहेत. विकतच्या भाजीला एवढी ताजी माती असते का?"

योगिनीनं मातीचा खडा बोटांत चुरडला आणि ती मागच्या दारानं गोठ्यात गेली. ओट्यावर उद्धवरावांची बसायची घोंगडी होती. ओट्याला लागूनच गाईची गव्हाण, हात लांब केला तर पोचेल इतकी. गव्हाणीत कडबा होता. योगिनीनं बाही वर केली आणि कडबा बाजूला सारला.

तळाशी लाल मिरच्यांचे तुकडे पडले होते. तेलात तळलेले, काळपट झालेले. वाळून आकसलेल्या, तांबूस भाजलेल्या लसणाच्या पाकळ्याही होत्या. गाईनं बाकी सगळं खाल्लं होतं, हे तेवढं जिभेनं बाजूला केलं होतं.

"गणराजभाऊ," तिनं हाक मारली. "गाईला फोडणी घालून चारा देता का तुम्ही?"

गणराज शेणाची पाटी खाली ठेवून उभा राहिला. "आबा गोग्रास देत्यात. त्यांची रीतच हाय, गाईला दिल्याबिगर जेवत न्हाईत."

"एक घास देतात की अख्खी वाटी?"

"मालकाच्या ताटात काय हाय त्ये मी बगत न्हाई, बाई."

दिपाली दारात उभी होती. दोन-अडीच महिने सकाळी शिफ्टआधी उठून निवडलेली, चिरलेली, परतलेली भाजी तिला त्या गव्हाणीच्या तळाशी दिसत होती. "आबांना आवडत नव्हती तर सांगायचं ना," ती हळूच म्हणाली.

"आवडत नाही असं नाही," योगिनी म्हणाली. "चला गणराजभाऊ, मला मळा दाखवा."

गणराज एकदम घाईनं बोलला, "आता नगं. चिखल हाय तिकडं."

फेब्रुवारी महिना होता. दोन्ही बायकांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं.

६

हायवेच्या भुयारी रस्त्यातून पलीकडे गेलं की डाव्या हाताला मळा लागतो, असं दिपालीनं सांगितलं होतं. दिवाळीनंतर तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. कंपनीत ऑडिट, घरी सासऱ्यांचं पथ्य, वेळच मिळाला नाही.

डाव्या हाताला पत्र्याचं उंच कुंपण होतं. आत ट्रक उभे होते, रांगेनं. चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणारे लांबलचक कंटेनर, त्यांच्यामध्ये स्टोव्हवर डाळ शिजवणारे ड्रायव्हर. जमिनीवर मुरूम दाबून सपाट केलेला. हिरवं म्हणून नाव नव्हतं.

दिपाली फाटकाला धरून उभी राहिली.

"कधी झालं हे?" तिनं गणराजला विचारलं.

"तुळशीच्या लग्नानंतर. निरंजनदादांनी भाड्यानं दिलं. आबांना सांगू नगंस म्हनाले, धक्का बसंल. तुमालाबी नगं, म्हंजे तुमच्या तोंडून जायाचं न्हाई." गणराजनं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. "मी रोज पहाटं मंडईतनं जुडी आनतो. मुळ्यासकट बगून घेतो, म्हंजे खरी वाटंल. तीस वरीस त्या मानसाचं मीठ खाल्लंय बाई मी."

कुंपणाच्या बाहेर पाण्याच्या नळासाठी चर खणलेला होता. योगिनीनं वाकून चरातलं ढेकूळ उचललं. काळीभोर, चिकट माती. तिच्या दुसऱ्या हाताच्या नखांत अजून मघाची तांबडी माती होती.

तिनं दोन्ही हात दिपालीपुढे धरले.

"हे तुम्हाला-मला आज कळलं," योगिनी म्हणाली. "ज्यानं या मातीत पन्नास वर्षं काढली त्याला कधी कळलं असेल?"

७

त्याच संध्याकाळी उद्धवरावांच्या खोलीत सगळे जमले. डॉ. वाघमारे पायाशी उभे राहिले. पूनम खुर्चीत, निरंजन दाराजवळ. दिपाली खिडकीशी, नवऱ्यापासून लांब.

"गोळ्या कुणी जास्त दिल्या नाहीत," योगिनीनं सुरुवात केली. "ऑपरेशननंतर आबा घरी आले तेव्हा मळ्यातली पालेभाजी दोन्ही वेळा पोटभर खात होते. पालेभाजी त्या गोळीचा जोर कमी करते. म्हणून डॉक्टरांना गोळी वाढवत न्यावी लागली, आणि दिवाळीपर्यंत आकडा बरोबर बसला. ती गोळी भाजी खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेली होती. मग दिवाळीनंतर आबांनी भाजी खाणं बंद केलं. गोळी तेवढीच राहिली, पण आता तिला अडवणारं पोटात काही नव्हतं. दत्तजयंतीला आकडा चढला. संक्रांतीनंतर त्यात काढा पडला."

"पण भाजी तर रोज होत होती," पूनम म्हणाली. "ताट रिकामं यायचं."

"ताट रिकामं यायचं ते गाईमुळे. दिपालीताईंनी वाढलेलं खरं सांगितलं. आबांनी मला मेथी सांगितली, होता चाकवत. कारण वाटीत काय आहे हे ते बघतसुद्धा नव्हते. ही भाजी आपल्या मळ्यातली नाही, हे त्यांना माहीत होतं."

निरंजननं वर पाहिलं. "आबा?"

उद्धवरावांनी अंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "पैल्या जुडीलाच कळलं. मुळीला तांबडी माती. पान रुंद. आपली मेथी बारीक पानाची आसती."

"मग मला का नाही विचारलंत?"

"इचारलं आसतं तर तू आनखी एक खोटं बोलला आसतास. माझं पोरगं माझ्या तोंडावर खोटं बोलताना मला बगायचं न्हवतं. म्हनलं, आज सांगंल, उद्या सांगंल." त्यांनी श्वास घेतला. "आन् इकतची पालाभाजी ह्या घरात कुनी खाल्ली न्हाई. माझ्या बानं न्हाई, मी न्हाई. माझ्याच्यानं घास उतरंना. पन सूनबाई पहाटं उठून करती. तिनं रांदलेलं माघारी धाडायचं कसं? म्हनून गाईला घातलं. आन्न वाया गेलं न्हाई."

"आबा," डॉ. वाघमारे म्हणाले, "त्यात तुमचा जीव गेला असता."

"माझा गेला तर गेला. म्हातारा मानूस."

"आणि दिपालीताईंवर तुम्हाला विष घातल्याचा आळ आला होता," योगिनी म्हणाली. "आज पोलिसात तक्रार जाणार होती."

उद्धवरावांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते सरळ उठून बसले. हातातली सलाईनची नळी ताणली गेली, तरी त्यांना पर्वा नव्हती.

"कुनी घातला आळ?"

पूनमनं मान खाली घातली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"पूनम, तू लेक हाईस. तुझा जीव तुटला, मला कळतंय. पन ऐक. ऑपरेशननंतर पंदरा दिस मी आंथरुनाला खिळलो हुतो तवा ह्या पोरीनं मला कुशीवर वळवलं, माझं आंग पुसलं, आन् येकदा तोंड वाकडं केलं न्हाई. माझ्या घराची आब्रू हाय ती. तिच्याबद्दल वंगाळ बोलनारा माझ्या घरचा न्हवं."

पूनम उठली आणि दिपालीजवळ गेली. "वहिनी, चुकले मी," एवढंच तिला म्हणता आलं. दिपालीनं तिचा हात धरला, सोडला नाही.

निरंजन अजून दारातच होता. "मळा पिकवायला कुणी उरलं नव्हतं, आबा. मला कंपनीतून वेळ नाही, गणराजभाऊ एकटे. म्हणून ट्रकवाल्यांना भाड्यानं दिला. तुम्ही ऑपरेशनातून उठलेले. वाटलं, कळलं तर खचाल."

"मी खचन?" उद्धवराव म्हणाले. "मळा तू दिलास त्याचा राग न्हाई मला. तुझ्या हातात दिला हुता, तू ठरीवलंस. पन तुझ्या बायकूवर आळ आला तवा तू मान खाली घालून हुबा व्हतास का न्हाई? खरं सांग."

"होतो."

"त्याचा राग हाय."

निरंजन दिपालीसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांदेखत, बहिणीदेखत, डॉक्टरांदेखत म्हणाला, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मळ्याचं बाहेर येईल म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं."

"आबांच्या गोळ्या आता तुम्ही भरायच्या," दिपाली म्हणाली. "रोज. आणि कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं, मी भरतो म्हणून." एवढं बोलून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. डोळे भरले होते, पण खांदे ताठ होते.

डॉ. वाघमारे योगिनीला हळूच म्हणाले, "मी पंधरा वर्षं हा आकडा बघतोय. गव्हाणीत हात घालायचं मला सुचलं नसतं."

योगिनीनं नम्रपणानं 'छे छे' वगैरे म्हटलं नाही. "ते माझंच काम आहे, सर," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी उद्धवरावांना पथ्य सांगितलं. पालेभाजी बंद करायची नाही, एकदम भरपूरही खायची नाही. रोज एक वाटी, न चुकता. तिच्यावर गोळी नव्यानं बसवायची.

"इकतची?" उद्धवरावांनी विचारलं.

"विकतची."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "दिला शब्द."

८

होळीच्या आधीच्या रविवारी योगिनी रावेतच्या रस्त्याकडेला भाजी घ्यायला थांबली होती. तिला आवाज आधी ऐकू आला, माणूस नंतर दिसला.

"ह्याला शेपू म्हनतोस? काल दुपारचा हाय ह्यो. पानी मारून बसीवलाय."

उद्धवराव भाजीच्या गाडीपुढे उभे होते, काठी बगलेत, मिशा पिळलेल्या. जुडी उचलायची, देठ मोडून बघायचा, नाकाशी न्यायची, ठेवून द्यायची. गाडीवाला तरुण घामाघूम झाला होता. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. पण ती हलत नव्हती, आबा ठेवून देतात ती जुडी कुणी घेत नव्हतं.

"आजोबा, घ्यायची तर घ्या," गाडीवाला काकुळतीला आला. "भाजी आम्हाला पण कळते."

दिपाली पिशवी घेऊन शेजारी उभी होती. "भाऊ, हे पुनावळ्याचे उद्धवराव," ती म्हणाली, मागच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "माझे सासरे. यांना भाजी शिकवू नका."

योगिनी पुढे झाली. "काय आबा, आकडा?"

"तीनाला टेकलाय. निरंजन गोळी देतो, ही वाटी देती, दोघंबी डोळे वटारून बसत्यात." ते बोलता बोलता थांबले. गाडीच्या कोपऱ्यातून त्यांनी मेथीची एक जुडी उचलली. पान बारीक, देठ आखूड, मुळं एकसारखी झटकलेली. त्यांनी ती हातात फिरवली, दोनदा वास घेतला.

"ही कुठली रं?"

"कुरुळीची. एक बाई आणून देते. कंपन्यांच्या मधे थोडं रान राहिलंय तिचं."

"काय नाव तिचं?"

"नाव कशाला लागतंय आजोबा? मेथी आहे."

"हिला शेती येती," उद्धवराव म्हणाले, आणि जुडी सुनेच्या पिशवीत अलगद ठेवली. "नाव इचारून ठेव. मी रोज येनार हाय. ज्याच्या हातचं खायाचं, त्याचं नाव तोंडात पायजे."